साडेसातीवरून शनीचा वेग: नवख्यांसाठी ग्रहगणिताची एक वाट

दुर्बिणीतून शनी दाखवायला लागलो की कोल्हापुरात पहिला प्रश्न कड्यांचा येत नाही, साडेसातीचा येतो. "सर, ह्यो एकेका राशीत अडीच-अडीच वर्षं बसतोय कशापायी?" पूर्वी मी हा प्रश्न हसून टोलवायचो. आता मुद्दाम तिथूनच सुरुवात करतो. साडेसातीची भीती मी बाळगत नाही, पण त्यातली 'साडेसात वर्षं' ही पिढ्यान्‌पिढ्या आकाशाकडे बघून काढलेली मोजणी आहे. त्या एका आकड्यातून शनी सूर्यापासून किती लांब आहे आणि सेकंदाला किती किलोमीटर चालतो, हे दोन्ही काढता येतं.

सामान फार लागत नाही. पंचांग दिलेली भिंतीवरची दिनदर्शिका, मोबाईलमधला कॅल्क्युलेटर, वही, आणि चौथ्या पायरीसाठी सुतळी, फक्की आणि पाच उत्साही पोरं. दुर्बीण नसली तरी काही अडत नाही.

पायरी १: आधी आपल्याच पृथ्वीचा वेग काढा

सूर्यापासून पृथ्वीचं सरासरी अंतर १४.९६ कोटी किलोमीटर. या त्रिज्येच्या वर्तुळाचा घेर येतो सुमारे ९४ कोटी किलोमीटर. वर्षाचे सेकंद साधारण ३ कोटी १६ लाख. भागाकार करा: सेकंदाला २९.८ किलोमीटर. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

नुसत्या आकड्यावरून अंदाज येत नाही, म्हणून मी कोल्हापूर-पुणे हे माप वापरतो. रस्त्याने साधारण २३० किलोमीटर. एसटीला चार-पाच तास लागतात, पृथ्वीला आठ सेकंद.

पायरी २: 'वाट लांब म्हणून वेळ जास्त' हे डोक्यातून काढा

जवळजवळ प्रत्येक नवखा इथे अडखळतो. लांबच्या ग्रहाला सूर्याभोवती फिरायला वेळ जास्त लागतो, कारण त्याची वाट लांब, असं वाटणं साहजिक आहे. ते अर्धंच खरं आहे. शनीचं अंतर पृथ्वीच्या साडेनऊ पट, म्हणजे त्याची वाटही साडेनऊ पट लांब. तो पृथ्वीच्याच वेगाने चालत असता तर साडेनऊ वर्षांत फेरी पुरी झाली असती. प्रत्यक्षात त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात. मधला हिशेब कुठे गेला? वेगात गेला. वाट साडेनऊ पट आणि वर चालही तिपटीहून मंद. 'शनैश्चर' या नावाचा अर्थच सावकाश चालणारा.

बैलाचा चरक ज्यांनी पाहिलाय त्यांना उलटा घोळ होतो. चरकाच्या लाकडी आडव्याच्या बाहेरच्या टोकाला जुंपलेला बैल भराभर पावलं टाकतो, मधल्या खांबाजवळचा भाग जागच्या जागी हळू फिरतो, आणि दोघांची फेरी एकाच वेळी पुरी होते. तिथे सगळे एकाच लाकडाला बांधलेले असतात. ग्रहांमध्ये असं लाकूड नाही. प्रत्येकजण सुटा आहे आणि आपापल्या अंतराप्रमाणे चालतो: आतला पळतो, बाहेरचा रेंगाळतो.

पायरी ३: साडेसातीचं गणित

जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहान्नेस केप्लरने १६१९ साली एक नियम छापला. ग्रहाच्या फेरीची वर्षं घ्या आणि त्यांचा वर्ग करा. सूर्यापासूनचं अंतर 'पृथ्वीच्या अंतराच्या किती पट' असं घ्या आणि त्याचा घन करा. दोन्ही उत्तरं सारखीच येतात. ट्युको ब्राहे या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने दुर्बिणीचा शोध लागण्याआधी, नुसत्या डोळ्यांनी घेतलेली मोजमापं केप्लरच्या हाती होती, हे लक्षात ठेवा. आपणही नुसत्या डोळ्यांच्याच मोजणीवर काम करणार आहोत.

साडेसाती म्हणजे शनी तीन राशी ओलांडतो तो काळ. तीन राशींना साडेसात वर्षं, तर बारा राशींना तीस. झाली शनीची फेरी. आता ३० चा वर्ग ९००. याचं घनमूळ हवं. मोबाईल आडवा धरला की बऱ्याच कॅल्क्युलेटरांत घनमुळाचं बटण दिसतं. नसेल तर अंदाजाने गाठा: ९ चा घन ७२९, १० चा १०००, म्हणजे उत्तर दोघांच्या मध्ये, दहाकडे झुकलेलं. ९.६ चा घन ८८५ च्या आत-बाहेर, ९.७ चा ९१३ च्या. मधे ९.६५ घ्या. शनी पृथ्वीच्या ९.६५ पट लांब.

पहिल्यांदा हे करताना मी घाईत घनमुळाऐवजी वर्गमूळ दाबलं. उत्तर आलं ३०, आणि शनी थेट नेपच्यूनच्या जागी जाऊन बसला. तुमचंही उत्तर असं भलतंच आलं तर आधी बटण तपासा.

आता वेग. अंतराला वर्षांनी भागा आणि पहिल्या पानावरच्या २९.८ ने गुणा. ९.६५ भागिले ३० गुणिले २९.८ म्हणजे सेकंदाला साधारण ९.६ किलोमीटर. आधुनिक मोजमापाप्रमाणे शनीची फेरी २९.४६ वर्षांची, अंतर ९.५४ पट आणि सरासरी वेग ९.७ किलोमीटर. आजीच्या तोंडच्या साडेसातीवरून आपण एवढ्या जवळ आलो.

गुरूसाठी नृसिंहवाडीला जा. वाडीचा कन्यागत पर्वकाळ गुरू कन्या राशीत शिरला की सुरू होतो. मागचा २०१६ साली झाला. बारा वर्षांनी येतो म्हणतात, म्हणजे गुरूची फेरी बारा वर्षांची. १२ चा वर्ग १४४, घनमूळ ५.२४. वेग: ५.२४ भागिले १२ गुणिले २९.८, म्हणजे सेकंदाला १३ किलोमीटर. तक्त्यात १३.१ असतो. गुरूची नेमकी फेरी ११.८६ वर्षांची आहे, त्यामुळे सात फेऱ्यांत ८४ ऐवजी ८३ वर्षंच होतात आणि एखाद्या वेळी असा पर्वकाळ अकरा वर्षांनीच येतो.

फेरीचा काळ माहीत नसेल आणि फक्त अंतर माहीत असेल तर वाट आणखी सोपी आहे: २९.८ ला अंतराच्या वर्गमुळाने भागा. इथे मात्र वर्गमूळच. अंतर चौपट तर वेग निम्मा, अंतर नऊपट तर वेग एक तृतीयांश. गुरू ५.२ पटीवर आणि युरेनस १९.२ पटीवर, म्हणजे जवळपास चौपट लांब, वेग १३.१ आणि ६.८, जवळपास निम्मा. बुध ०.३९ पटीवर असतो, त्याचा वेग ४७.४. शुक्र ३५, मंगळ २४.१, आणि सगळ्यात बाहेरचा नेपच्यून ५.४. आपल्या मापात सांगायचं तर कोल्हापूरहून निघालेला बुध पाच सेकंदांत पुण्यात, शनी चोवीस सेकंदांत आणि नेपच्यून बेचाळीस-त्रेचाळीस सेकंदांत. सगळ्यात मंद ग्रहसुद्धा एका मिनिटाच्या आत पुण्यात पोचतो, हे विसरू नका. 'मंद' हा शब्द इथे शेजाऱ्यांच्या मानाने आहे.

पायरी ४: फुटबॉलच्या मैदानावर सूर्यमाला

कोल्हापुरात फुटबॉलचं मैदान शोधावं लागत नाही आणि फक्की मारणारे हातही सहज मिळतात. पृथ्वीचं अंतर दहा मीटर धरा आणि मैदानाच्या बरोबर मध्यबिंदूवर सूर्य ठेवा. या मापाने सूर्य नऊ सेंटिमीटरचा, म्हणजे एखादं मोठं मोसंबं. पृथ्वी खसखशीच्या दाण्याएवढी आणि गुरू हरभऱ्याएवढा.

मध्यबिंदूवर खुंटी ठोका, सुतळी बांधा आणि चार वर्तुळं आखा: बुध ३.९ मीटर, शुक्र ७.२, पृथ्वी १०, मंगळ १५.२. मैदानाचं मधलं वर्तुळ ९.१५ मीटर त्रिज्येचं असतं, म्हणजे पृथ्वी त्याच्या पाऊलभर बाहेरून फिरते. गुरूसाठी काही आखायला नको. तो ५२ मीटरवर येतो आणि १०५ मीटर लांबीच्या मैदानात गोलरेषा मध्यापासून साडेबावन्न मीटरवर असते. गुरू म्हणजे आमचा गोलकीपर.

सुतळीच घ्या. आम्ही पहिल्यांदा नायलॉनची दोरी घेतली होती. ती ताणली जात राहिली आणि मंगळाचं वर्तुळ अंड्यासारखं झालं. मंगळाची कक्षा खरोखरच थोडी लांबट आहे, पण इतकी नाही.

आता एक मिनिट म्हणजे एक वर्ष. शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकदम निघायचं आणि मिनिटभराने पुन्हा शिट्टी झाली की जागीच थांबायचं. या एका मिनिटात पृथ्वीने तिचं वर्तुळ, म्हणजे ६३ मीटर, एकदा पुरं करायचं. बुधाने १०१ मीटर जायचं, म्हणजे त्याच्या छोट्या वर्तुळाच्या चार फेऱ्या आणि वर थोडं. शुक्राने ७४ मीटर, दीड फेरीहून थोडं जास्त. मंगळाने ५१ मीटर, जेमतेम अर्ध्या फेरीच्या पुढे. गुरूने फक्त २७-२८ मीटर, गोलरेषेवरून रमतगमत. आधी एकदा ज्याने-त्याने आपापली पावलं मोजून चाल बसवून घ्यावी, नाहीतर शिट्टी वाजताच सगळेच पळत सुटतात.

बुध झालेल्या पोराला हमखास भोवळ येते, म्हणून दर मिनिटाला पोरं बदला. आमच्याकडे एकदा गुरू वैतागून गोलपोस्टला टेकून बसला. "सर, मी कवा पुरा फिरणार?" म्हटलं, बारा मिनिटांनी. तो उठून पाणी प्यायला गेला, परत आला, तोवर बुधाच्या सात-आठ फेऱ्या झाल्या होत्या. मला वाटतं त्या पोराला गुरूची गती जन्मभर लक्षात राहील.

शनी दाखवायचा हट्ट धरू नका. तो ९५ मीटरवर, म्हणजे मैदानाबाहेर, आणि फेरीला साडेएकोणतीस मिनिटं.

पायरी ५: असं का?

थोडक्यात सांगतो, कारण इथे सूत्रांच्या मागे लागलेले नवखे पुन्हा येत नाहीत.

ग्रह सूर्याकडे सतत पडत असतो आणि त्याच वेळी आडवा पुढे जात असतो. न्यूटनने १६८७ साली गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला: अंतर दुप्पट झालं की ओढ एक चतुर्थांश होते. आता आकडे बघा. पृथ्वी एका सेकंदात जवळपास ३० किलोमीटर आडवी जाते आणि सूर्याकडे पडते फक्त ३ मिलिमीटर. तेवढ्याशा वळणाने तिची वाट गोल राहते. बुधाला सूर्य जवळून ओढतो. तो सेकंदाला २ सेंटिमीटर आत पडतो. इतकं पडूनही सूर्यात जायचं नसेल तर आडवी धाव तशीच जोरदार हवी. शनी सेकंदाला मिलिमीटरचा तिसावा भाग पडतो. एवढ्या सैल ओढीत तो बुधाच्या वेगाने निघाला तर वळणारच नाही, सूर्यमालेबाहेर निघून जाईल.

हमखास येणारी शंका: गुरू एवढा बोजड, म्हणून मंद का? नाही. गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे, पण त्याच्या जागी तेवढ्याच गोल कक्षेत पंचगंगेतला एखादा गोटा सोडला तरी तोही सेकंदाला १३ किलोमीटरनेच फिरेल. वजनाचा इथे प्रश्न येत नाही, अंतराचा येतो.

पायरी ६: धोंड्याचा महिना थंडीत का येत नाही?

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती ही पायरी.

आतापर्यंत आपण वेगवेगळ्या ग्रहांची तुलना केली. पण एकच ग्रहसुद्धा सूर्याच्या जवळ असताना वेग धरतो आणि लांब गेला की मंदावतो, कारण कोणतीही कक्षा नेमकी गोल नसते. केप्लरने हे १६०९ मध्येच सांगितलं होतं. पृथ्वी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्याला सर्वात जवळ असते, १४.७१ कोटी किलोमीटरवर, आणि वेग ३०.३. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्वात लांब, १५.२१ कोटींवर, आणि वेग २९.३. जवळ असताना थंडी कशी, असं कुणी विचारलं तर सांगा: ऋतू पृथ्वीच्या आसाच्या कलण्याने होतात, या एवढ्याशा अंतराने नाही.

सेकंदाला एक किलोमीटरचा फरक. घरबसल्या दिसेल का? दिसतो. दिनदर्शिका उघडा आणि संक्रांती शोधा. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो ती संक्रांत. मकरसंक्रांत आपल्याला ठाऊक असते, पण संक्रांती वर्षात बारा असतात. धनु संक्रांत १६ डिसेंबरच्या सुमारास आणि मकर १४ जानेवारीला: मधे २९ दिवस. मिथुन संक्रांत १५ जूनच्या सुमारास आणि कर्क १६ जुलैला: मधे ३१ दिवस. रास दोन्हीकडे सारखीच, तीस अंशांची. हिवाळ्यात पृथ्वी ती वाट लवकर कापते, पावसाळ्याच्या तोंडावर उशिरा. याहून मोठा टप्पा घेऊन बघायचं असेल तर २१ मार्च ते २३ सप्टेंबर मोजा: १८६ दिवस. मग २३ सप्टेंबर ते पुढचा २१ मार्च: १७९. सूर्याभोवतीचं अर्धं वळण एकदा सात दिवस जास्त घेतं.

आता धोंड्याकडे या. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा. ज्या चांद्रमासात एकही संक्रांत पडत नाही तो अधिक. म्हणजे अख्खा चांद्रमास दोन संक्रांतींच्या मध्ये मावला पाहिजे. जून-जुलैतली संक्रांतींमधली जागा साडेएकतीस दिवसांच्या आसपास, तिथे तो ऐसपैस मावतो. डिसेंबर-जानेवारीत जागा जेमतेम साडेएकोणतीसची, तिथे मावायला फटच उरत नाही. म्हणून २०२० ला अधिक आश्विन, २०२३ ला अधिक श्रावण, २०२६ ला अधिक ज्येष्ठ. घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला विचारा, पौषात कधी जावयाला धोंडे वाढले होते का. पृथ्वीची कक्षा जरा लांबट आहे आणि जानेवारीत ती पळते, त्याचा हिशेब आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आलेला आहे.

अंबाबाईच्या किरणोत्सवाबद्दलही, म्हणजे मावळतीचे किरण देवीच्या मूर्तीवर पडतात त्या सोहळ्याबद्दल, विचारतात, म्हणून सांगतो: नोव्हेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्या त्याच्या तारखा २१ डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारख्याच दिवसांवर येतात. पृथ्वी सर्वात जवळ येण्याचा दिवस त्याच सुमारास असल्याने दोन्हीकडे वेग सारखाच असतो. हा फरक तिथे शोधू नका, सापडणार नाही.

वेगातला टोकाचा चढउतार बघायचा तर बुध: जवळ असताना ५९, लांब असताना ३९. आणि हॅलेचा धूमकेतू तर सूर्याजवळ सेकंदाला ५४ किलोमीटरच्या पुढे धावतो आणि नेपच्यूनच्या पलीकडे जाऊन एक किलोमीटरच्याही खाली येतो. १९८६ ला येऊन गेला, २०६१ ला परत येईल. डिसेंबर २०२३ मध्ये तो सर्वात लांबच्या टोकावरून वळला.

पायरी ७: आता आकाशात बघा

उसाच्या हंगामात हायवेवर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ओलांडताना खिडकीतून पलीकडच्या झाडांकडे बघा. ट्रॅक्टर पुढेच चाललेला असतो, पण झाडांच्या पार्श्वभूमीवर क्षणभर मागे सरकल्यासारखा दिसतो. पंचांगात 'शनी वक्री', 'मंगळ वक्री' असं असतं ते नेमकं हेच. आतल्या वाटेवरची जलद पृथ्वी बाहेरच्या मंद ग्रहाला मागे टाकत असते. वक्री ग्रह उलटा फिरत नाही. एवढं जरी पोरांना पटलं तरी ही पायरी फुकट गेली नाही.

ओलांडण्याच्या ऐन मध्यावर सूर्य, पृथ्वी आणि तो ग्रह एका रेषेत येतात. त्याला प्रतियुती म्हणतात. त्या संध्याकाळी सूर्य रंकाळ्यापलीकडे मावळत असताना पाठीमागे पूर्वेला ग्रह उगवत असतो, त्यामुळे ओळखायला सोपा. शनीची प्रतियुती २१ सप्टेंबर २०२५ ला झाली, त्यानंतरची ४ ऑक्टोबर २०२६ ला: दरवर्षी सुमारे तेरा दिवस उशिरा, कारण पृथ्वी एक फेरी मारून येईपर्यंत शनी जेमतेम बारा अंश सरकलेला असतो आणि त्याला गाठायला तेरा दिवस पुरतात. गुरू जलद, तो दर खेपेला साधारण महिनाभर जास्त घेतो: १० जानेवारी २०२६, मग फेब्रुवारी २०२७. मंगळ तर जवळपास आपल्याच वेगाचा, त्याला गाठायला दोन वर्षांहून जास्त: १६ जानेवारी २०२५ नंतर थेट १९ फेब्रुवारी २०२७.

बघायला गावाबाहेर, दिवे कमी असलेल्या जागी जा. पन्हाळ्याच्या वाटेवर बरं पडतं. शनी पिवळसर, न लुकलुकणारा. पूर्वेला उगवताना दिसला की वहीत तारीख, वेळ आणि जवळचा एखादा ठळक तारा लिहून ठेवा. प्रतियुतीच्या त्या पहिल्या नोंदीखाली दुसरी लिहायला तुम्हाला एक वर्ष आणि तेरा दिवस थांबावं लागेल.